खाऱ्या हवेत फायबरचा ट्रेलर : पावसाळ्याआधी कोणती कामे करून घ्यावीत?

गुहागरचा_प्रवासी

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत आम्ही अंड्याच्या आकाराचा, फायबरग्लासचा जुना प्रवासी ट्रेलर विकत घेतला. लांबी साधारण १३ फूट, एक्सल एकच, आत दोघांना झोपण्यापुरती जागा, छोटा ओटा आणि बैठक असे त्याचे स्वरूप आहे. घाटावरच्या एका वर्कशॉपमध्ये परदेशी नमुना पाहून तो तयार करण्यात आला होता आणि आमच्याकडे येईपर्यंत त्याचे दोन मालक होऊन गेले. सध्या तो वेळणेश्वरला आमच्या आगरात, माडांखाली उभा असतो. तेथून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे.

बाहेरच्या पांढऱ्या रंगावरून हात फिरवला की तळव्याला पिठासारखी भुकटी लागते. डाव्या खिडकीखालच्या अस्तरावर ओलीचे डाग दिसतात. दारातून आत पाऊल टाकले की उंबऱ्यालगतची जमीन किंचित दबते. दार लावल्यावर वरच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट राहते. खाली चासीवर आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर गंज चढला आहे, आणि आतले १२ व्होल्टचे दिवे कधी लागतात, कधी लागत नाहीत.

गावातील एका मिस्त्रींनी सर्व सांध्यांवर आणि स्क्रूंवर सिलिकॉन फिरवून पावसाळाभर ट्रेलर ताडपत्रीत गुंडाळून ठेवण्याचा सल्ला दिला आहे. हे योग्य आहे का? पुढच्या हिवाळ्यात किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत जाण्याचा आणि मधूनमधून आंबा घाटाने कोल्हापूर गाठण्याचा आमचा विचार आहे. दिवे, दोन पंखे, पाण्याचा छोटा पंप आणि लहान फ्रीज यांसाठी किती बॅटरी व सौर पॅनेल लागेल, हेही जाणकारांनी सांगावे.


मिरकरवाडा_फायबर

नमस्कार. माझे काम मुख्यतः होड्यांच्या फायबरचे आहे, परंतु साहित्य तेच असल्यामुळे अधूनमधून असे ट्रेलरही हातांखालून जातात.

या ट्रेलरची रचना समजून घेतली तर आपल्या बहुतेक तक्रारींचा उगम लक्षात येईल. अंड्याच्या आकाराचा छोटा फायबर ट्रेलर कॅनडातील विनिपेग येथे रे ओलेको यांनी १९६८ मध्ये बोलर या नावाने बाजारात आणला. त्याआधी त्यांनी फायबरची मैलाटाकी तयार केली होती आणि तीच पद्धत त्यांनी ट्रेलरला लावली : वरचा अर्धा भाग एका साच्यात, खालचा अर्धा भाग दुसऱ्या साच्यात घडवायचा आणि दोन्ही मध्यावर जोडायचे. छपराला सांधाच नसल्यामुळे पत्र्याच्या किंवा प्लायच्या ट्रेलरप्रमाणे वरून गळती लागण्याचे कारण उरत नाही. म्हणून आपल्याकडे पाणी येत असेल, तर ते नंतर पाडलेल्या एखाद्या भोकातूनच येत आहे, असे धरून चालावे. खिडक्या, वरचा झरोका, बाहेरचे दिवे, मधला पट्टा आणि कपाटे धरून ठेवणारे रिव्हेट ही ती ठिकाणे होत.

हे भोक शोधण्यासाठी दोन माणसे लागतात. एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावे, मात्र खालून वर या क्रमाने. खिडकीच्या खालच्या कडेवर चारपाच मिनिटे पाणी सोडून थांबावे, काही दिसले नाही तर बाजूंच्या कडांवर यावे आणि अगदी शेवटी वरच्या कडेवर. आरंभीच छपरावर पाणी ओतले तर ते सगळीकडून ओघळते आणि शिरकाव नेमका कोठे आहे ते कळत नाही. ओलीचा डाग खिडकीखाली आहे म्हणून दोष खिडकीचाच, असेही समजू नये. वरच्या कपाटाच्या रिव्हेटमधून आलेले पाणी अस्तराच्या मागून घरंगळत खिडकीच्या चौकटीवर येऊन साठते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

सिलिकॉनचा सल्ला मात्र कृपया मानू नका. सिलिकॉन एकदा फायबरवर बसले की त्याचा तेलकट थर राहतो आणि त्या जागेवर पुढे ना जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत, रंगीत बाह्य थर) धरत, ना रंग. आंबूस वासाचे स्वस्त सिलिकॉन लावल्यास आतील धातूही लवकर गंजतो. शिवाय बाहेरून ओढलेली सिलिकॉनची रेघ पाणी अडवण्याऐवजी अनेकदा आत शिरलेले पाणी कोंडून ठेवते. खिडकी पूर्ण बाहेर काढावी, जुना मसाला खरवडून ॲसिटोनने कड पुसावी, चौकटीच्या मागे ब्युटिलची चिकट पट्टी चारही बाजूंनी सलग लावावी आणि खिडकी पुन्हा बसवून स्क्रू थोडे थोडे करीत, समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने आवळावेत. ब्युटिल कडेने बाहेर येऊ लागते, तेव्हा थांबावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडे आवळावे आणि बाहेर आलेला भाग प्लास्टिकच्या पट्टीने कापून टाकावा. ब्युटिल कधी कडक होत नाही, त्यामुळे रस्त्यावरील हादऱ्यांनी सांधा उघडत नाही. रिव्हेट सैल असतील तर ते काढून त्या जागी ३१६ प्रतीचे स्टेनलेस बोल्ट, मागे रुंद वॉशर आणि मध्ये ब्युटिल वापरावे. समुद्रकाठी ३०४ प्रतीच्या स्टीलवर काही महिन्यांत तांबूस डाग येऊ लागतात.

उंबऱ्याजवळ दबणारी जमीन म्हणजे आतील प्लाय कुजला आहे. टोकदार पेचकसाने टोचत टोचत जावे आणि लाकूड टणक लागेल तेथे खूण करावी. ती खूण जेथे पडेल तेथपर्यंतचे सर्व कापून काढावे लागेल, अर्धवट ठेवून उपयोग नाही. नवीन तुकडा आयएस ७१० शिक्क्याच्या मरीन प्लायचा घ्यावा आणि बसवण्यापूर्वी त्याच्या चारही कडांना, विशेषतः कापलेल्या बाजूंना, इपॉक्सी दोनदा पाजावी. प्लाय पाणी पितो तो कडेनेच.

ट्रेलरच्या भिंतीला कोठे तडा असल्यास नाण्याने वाजवून पाहावे. आवाज खणखणीत आला तर तडा फक्त जेलकोटचा आहे, बद्द आला तर आतील थर सुटले आहेत आणि तेथे नवी मॅट (काचतंतूंची चादर) रेझिनमध्ये भिजवून भरावी लागेल. अशा वेळी कड सरळ न ठेवता तिरकी घासावी. ४ मिलिमीटर जाडीच्या भिंतीला सुमारे ५ सेंटिमीटरचा उतार दिला, तरच नवा थर जुन्याला नीट धरतो. हे काम स्वतः करणार असाल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. साध्या पॉलिएस्टर रेझिनला कोबाल्ट आणि हार्डनर अशी दोन द्रव्ये लागतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावे आणि नंतरच वजनाच्या १ ते २ टक्के हार्डनर घालावा. ही दोन द्रव्ये एकमेकांत थेट मिसळली तर भडका उडतो आणि स्फोटही होऊ शकतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्म्याशिवाय त्या बाटलीचे झाकणही उघडू नये.

हाताला लागणारी भुकटी म्हणजे उन्हाने जळालेला जेलकोट. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, म्हणून त्यावर पॉलिश पेपर जोराने चालवू नये. सौम्य साबणाने धुऊन, बारीक रबिंग कंपाउंडने वरचा मेलेला थर उतरवावा आणि कार्नोबा मेणाचे दोन हात द्यावेत. त्यानंतर वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, केवळ मेण दिले तरी पुरते. जांभ्याच्या धुळीचे आणि गंजाचे पिवळट ओघळ ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने निघतात, परंतु हातमोजे घालावेत आणि नंतर भरपूर गोडे पाणी ओतावे.

दाराच्या फटीबद्दल मला एकच विचारायचे आहे. दाराशेजारी जमिनीपासून छपरापर्यंत जाणारे उभे कपाट आहे का, की ते कोणी काढून टाकले आहे? उत्तर मिळेपर्यंत दाराच्या बिजागऱ्यांना हात लावू नये.

आणि हे सर्व एप्रिलमध्ये उरकावे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे होड्या वर ओढल्या की आम्हा सगळ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. शिवाय दमट हवेत ओलसर लाकडावर किंवा मॅटवर रेझिन नीट धरत नाही. पावसाळाभर सर्व झरोके बंद करून ठेवावेत, म्हणजे आत ओल जाणार नाही.


दर्यावर्दी_मालवण

फायबरविषयी वरील प्रतिसादात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. जहाजावरील विद्युत विभागात आयुष्य गेल्यामुळे विजेपुरते लिहितो.

प्रथम दिवसाचा खर्च मांडू. दोन डीसी पंखे प्रत्येकी २० वॉटचे आणि ८ तास धरले तर ३२० वॉट-तास होतात. चार एलईडी दिवे व मोबाइलचे चार्जिंग मिळून १०० धरावेत. पंप दिवसातून काही मिनिटेच चालतो, त्याचा हिशेब सोडून दिला तरी चालेल. खरा खर्च फ्रीजचा आहे. ४० लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज आपल्याकडील उन्हाळ्यात ४०० ते ५०० वॉट-तास घेईल. एकूण ९०० च्या आसपास जाते. १०० ॲम्पिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर १२०० वॉट-तास देते, परंतु ती निम्म्याखाली उतरवत राहिलो तर लवकर संपते, म्हणजे हाती ६०० च उरतात. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे १००० वॉट-तास निर्धास्तपणे देते आणि वजनाला निम्म्याहून हलकी असते. फ्रीज हवाच असेल तर लिथियम घ्यावी. फ्रीजऐवजी बर्फाच्या पेटीवर भागणार असेल तर लेड-ॲसिड पुरेल. सौर पॅनेल २०० वॉटचे लावल्यास फेब्रुवारी ते मे या काळात दिवसाला ७५० वॉट-तासांच्या जवळपास मिळावेत, उरलेले गाडी चालताना डीसी चार्जरने भरून काढावेत. पॅनेल बसवताना छपराला एकही भोक पाडू नये. प्लास्टिकचे कोन पॉलियुरेथेन चिकटद्रव्याने छपराला डकवता येतात.

आपले दिवे लहरीपणे लागतात, याचे कारण बहुधा ऋण बाजू चासीमार्फत परत आणलेली असणे हे आहे. कोरड्या हवेच्या प्रदेशात ती पद्धत वर्षानुवर्षे चालते. कोकणात चासीच्या प्रत्येक बोल्टखाली गंज शिरतो आणि तोच मार्गात अडथळा होतो. म्हणून प्रत्येक उपकरणाला बॅटरीपर्यंत स्वतंत्र ऋण तार द्यावी. तार कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्यावी, कारण उघडे तांबे खाऱ्या हवेत आवरणाच्या आतून काळे पडत जाते. जाडीतही काटकसर करू नये : १२ व्होल्टवर ५ ॲम्पिअर प्रवाह ५ मीटर नेऊन परत आणायचा असेल तर १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत जवळपास ०.६ व्होल्ट गळून जातात, ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.२ व्होल्टच्या आसपास. एवढ्या घसरणीने दिवा मंद होतो, फ्रीज मात्र सुरूच होत नाही. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत असावा.

एखाद्या घरातून किंवा रिसॉर्टमधून २३० व्होल्टची जोडणी घेणार असाल तर ट्रेलरमध्येच ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा आणि चासी अर्थिंगला जोडावी. ओल्या पायाने ट्रेलरची पायरी चढणाऱ्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो.

गॅसबाबत माझे मत ठाम आहे. ५ किलोचे सिलिंडर बाहेरच्या पेटीत ठेवावे आणि स्वयंपाक शक्यतो बाहेर, छत्राखाली करावा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या पेटीला तळाशी झरोका हवा आणि आतील गॅससूचक यंत्रही जमिनीजवळ लावावे, डोक्याच्या उंचीवर नव्हे. या झरोक्यांत कुंभारमाशी मातीची घरटी करते आणि झरोका बाहेरून धड दिसला तरी आतून बुजलेला असतो. प्रत्येक प्रवासापूर्वी त्यातून तार घालून पाहावी.

मे महिन्यातील वळवात आणि परतीच्या पावसात विजा पडतात. गाडीच्या पत्र्याचा पिंजरा आतील माणसांचे संरक्षण करतो, तसे फायबरचे कवच करीत नाही. गडगडाट जवळ आला की मुलाबाळांसह ट्रेलरमधून उतरून गाडीत बसावे आणि काचा बंद ठेवाव्यात.


देवगडची_वाट

मिरकरवाड्याच्या दादांचा शब्द फायबरच्या बाबतीत शेवटचा, परंतु सर्व झरोके बंद ठेवण्याच्या सल्ल्याशी मी नम्रपणे असहमत आहे. आमच्याकडे जुलैत हवाच इतकी ओली असते की बंद ट्रेलरमध्ये ओल बाहेरून यावी लागत नाही, ती गाद्यांत आणि लाकडात आधीच असते. झरोके बंद केले की ऑगस्टपर्यंत बैठकीच्या खालच्या बाजूला हिरवी-काळी बुरशी धरते. ताडपत्री तर त्याहून वाईट, कारण ती ओल धरून ठेवतेच आणि वाऱ्याने फडफडत जेलकोट घासून काढते.

त्याऐवजी ट्रेलरवर पत्र्याचे किंवा कौलांचे उघडे छप्पर घालावे आणि नैर्ऋत्येच्या बाजूला, जशी आपण घराच्या पडवीला बांधतो तशी, झावळ्यांची झड बांधावी. छप्पर असले की वरचा झरोका आणि जमिनीजवळचा झरोका जाळी लावून बारमाही उघडे ठेवता येतात आणि हवा खेळती राहते. गाद्या काढून घरात माळ्यावर ठेवाव्यात. फळ्यांवर गादी थेट न टाकता खाली काथ्याची चटई किंवा पट्ट्यांची चौकट ठेवली तर प्रवासातही गादीची खालची बाजू कोरडी राहते. फ्रीजचे दार फटीएवढे उघडे बांधून ठेवावे.

माडांखालून ट्रेलर आजच हलवावा. नारळ वरून पडला तर छपराला भोक पडते. आंब्याखालीही ठेवू नये, कारण तुडतुड्यांचा चिकटा आणि त्यावर चढणारी काजळी जेलकोटमध्ये मुरते.

उभा करताना चासीखाली चार ठिकाणी जांभ्याचे चिरे रचून त्यांवर जाड फळी ठेवावी आणि चाके जमिनीपासून किंचित उचलावीत. आधार चासीलाच द्यावा, फायबरच्या पोटाला कधीही देऊ नये. एका बाजूला थोडा उतार ठेवला तर पाणी साचत नाही. आणि ट्रेलर बांधून ठेवावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते संपूर्ण कोकण किनाऱ्यालगतून गेले. ट्रेलर हलका असतो आणि आतून पोकळ असतो. जमिनीत काँक्रीटमध्ये बसवलेल्या कड्यांना चासीचे चारही कोपरे पट्ट्यांनी बांधावेत.

चासीचा गंज तारेच्या ब्रशने काढून जस्तयुक्त प्रायमरचे दोन हात आणि वर इपॉक्सी रंग द्यावा. पाट्यांच्या मध्ये रंग न लावता ग्रीस भरावे. चाकांचे बेअरिंग मात्र रंगरंगोटीपेक्षा महत्त्वाचे आहे. दोन्ही हब उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरून, नवे सील बसवूनच पहिला प्रवास करावा. वाळूवर ट्रेलर नेऊ नये. हबपर्यंत खारे पाणी आले तर घरी पोहोचल्यावर नव्हे, त्याच मुक्कामी गोड्या पाण्याने धुवावे. टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नये. बाजूवरील चार आकड्यांत बनावटीचा आठवडा आणि वर्ष असते, ते पाहावे आणि सहा-सात वर्षांपुढचे टायर बदलावेत.

एक कागदोपत्री बाब : १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील व्याख्येनुसार ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे. दोन हातांतून आलेल्या ट्रेलरचे नोंदणीपत्र आपल्या नावावर झाले आहे ना, हे गणपतीच्या आधी तपासून घ्यावे.


गुहागरचा_प्रवासी

सर्वांचे मनापासून आभार. ट्रेलर माडांखालून काल हलवला. मिरकरवाड्याच्या दादांनी विचारलेली गोष्ट तंतोतंत खरी निघाली. आधीच्या मालकांनी पलंग रुंद करण्यासाठी दाराशेजारचे उभे कपाट कापून काढले होते, छपराच्या आतल्या बाजूला त्याच्या स्क्रूंच्या खुणा अजून आहेत. आता यावर काय करावे? आणि आंबा घाट चढता-उतरताना सामान कसे लावावे?


मिरकरवाडा_फायबर

मग दार निर्दोष आहे. या ट्रेलरच्या छपराला आत वासे नसतात. बोलरच्या धर्तीवरील बहुतेक ट्रेलरमध्ये उभे कपाट आणि ओट्यावरची कपाटे हेच छपराचे खांब असतात. खांब गेला, छप्पर हळूहळू बसले आणि दाराची चौकट तिरकी झाली. बिजागरी सरकवून फट बुजवली असती तर दोष कायमचा झाकला गेला असता.

जुन्या खुणांच्या जागी छपराखाली गादीचे कापड गुंडाळलेली रुंद फळी ठेवावी आणि खालून जॅक लावून रोज अगदी थोडे, दोनतीन मिलिमीटर, उचलावे. जॅक कुजक्या जमिनीवर नव्हे, चासीच्या आडव्या पट्टीवर येईल असा उभा करावा. दार सर्व बाजूंनी सारखे बसू लागले की थांबावे आणि त्या मापाने १२ मिलिमीटर मरीन प्लायचा उभा पडदा बसवून वर-खाली मॅट व रेझिनने भिंतीला आणि छपराला बांधून टाकावा. पूर्ण कपाट नको असेल तर एवढा पडदाही भार पेलतो. जमिनीचा प्लाय याच्या आधी बदलावा, अन्यथा नवा खांब कुजक्या पायावर उभा राहील.

देवगडच्या भाऊंचे झरोक्यांबद्दलचे म्हणणे वर छप्पर असल्यास मला मान्य आहे. छप्पर नसल्यास वरचा झरोका बंदच ठेवावा.


देवगडची_वाट

घाटासाठी : हुकावर येणारा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, मात्र आपल्या गाडीच्या हुकाला ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत. भरलेला ट्रेलर ७०० किलोचा असेल तर हुकावर ७० ते १०० किलो आले पाहिजेत. घरातील वजनकाट्यावर लाकडाचा ठोकळा उभा करून त्यावर कपलिंग टेकवले की आकडा कळतो. ट्रेलर त्या वेळी सपाट जागी आणि चाकांना अडण लावून असावा. भार कमी पडला तर उतारावर ट्रेलरची शेपटी डोलू लागते. म्हणून बॅटरी, पाण्याचे कॅन आणि भांडी एक्सलवर किंवा किंचित पुढे ठेवावीत, मागच्या कप्प्यात केवळ कपडे आणि चटया ठेवाव्यात. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो, तेव्हा घाटात टाकी रिकामी ठेवून, चढून गेल्यावर मलकापूरला किंवा उतरून आल्यावर साखरप्याला भरून घेणे सोयीचे पडते. उतरताना घाट सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, आणि डोलणे सुरू झाले तर ब्रेक न दाबता केवळ अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून स्टिअरिंग सरळ धरावे.